रियाधहून कॅम्परने हाइल, तैमा, अल उला: आई आणि मुलं सोबत आहेत, रूट बघून सांगा

भटकी_आघाडी

नमस्कार मंडळी. आम्ही रियाधला असतो, मी, बायको, दोन मुलं (मोठा आठवीत, धाकटी तिसरीत) आणि सध्या फॅमिली व्हिजिटवर आलेली माझी आई. डिसेंबरच्या शेवटी दहा दिवस सुट्टी मिळतेय, तर यावेळी विमान आणि हॉटेल न करता कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन वाळवंटातून जायचं असं घरात ठरलंय. मोठ्याला इतिहासाचं भयंकर वेड आहे, त्याने स्वतः बसून यादी काढलीय: रियाधहून हाइल, मग जुब्बाची कातळशिल्पं, शुवैमिसची कातळशिल्पं, तैमा, अल उला आणि हेग्राची कोरीव थडगी, तिथून वर ताबुक, वादी दिसाह, मग लाल समुद्राच्या कडेने खाली जेद्दा आणि परत रियाध.

मला एवढंच कळत नाहीये की हे सगळं होण्यासारखं आहे का. व्हॅन टू-व्हील ड्राइव्ह मिळतेय, फोर बाय फोर कॅम्पर आमच्या बजेटच्या बाहेर जातोय, तर टू-व्हीलवर यातलं काय काय जमेल? रात्री गाडी कुठे लावायची, वाळवंटात कुठेही थांबलं तर चालतं का? आईचे गुडघे दुखतात, जास्त चढउतार तिला होणार नाही पण वाळवंटात झोपायची हौस आमच्यापेक्षा तिलाच जास्त आहे. आणि हेग्रा सोडून अल उलाला दुसरं काय बघितलंच पाहिजे? ज्यांनी हा भाग फिरलाय त्यांनी मोकळेपणाने सांगा, यादीतलं काय खोडायचं तेही सांगा.

उंटवाट

दादा, तुमच्या मुलाची यादी बघून खूप बरं वाटलं, जुब्बा आणि तैमा एवढ्या लहान वयात कुणाच्या यादीत नसतं. पण गोल फार मोठा झालाय. जेद्दा आणि लाल समुद्र पहिल्यांदा काढा, शुवैमिसही काढा. शुवैमिसची चित्रं अफाट आहेत, पट्ट्याला बांधलेले शिकारी कुत्रे कोरलेत तिथे, हजारो वर्षांपूर्वीचे, पण ती जागा हमरस्त्यापासून फार आत आहे, वाट खडकाळ आहे आणि माहितगार माणूस आणि फोर बाय फोर दोन्ही लागतं. टू-व्हील व्हॅनने आणि आईंना घेऊन तिकडे जाऊ नका.

मी या भागात बरीच वर्षं फिरतोय आणि माझं मत असं झालंय की इथला रूट साइट्सच्या यादीवरून आखायचाच नाही, पाण्यावरून आखायचा. इथे जे काही जुनं उभं आहे ना ते पाण्यामुळे आहे, कारवां जिथे उंटांना पाणी मिळेल तिथेच थांबायचा आणि जिथे थांबायचा तिथेच गाव वसलं, मंदिर झालं, थडगी झाली. आणि गंमत म्हणजे (खरंच सांगतो) कॅम्परलाही रोज पाणी, इंधन आणि रात्रीची सुरक्षित जागा हेच लागतं, त्यामुळे जुन्या लोकांचे मुक्काम आजही आपल्या सोयीचे पडतात.

जुब्बापासून बघा. हाइलच्या वायव्येला शंभरेक किमी, रस्ता पक्का, दोन्ही बाजूंना नफूद वाळवंटाची लाल वाळू. आज बघितलं तर विश्वास बसत नाही पण उम्म सिनमान डोंगराच्या पायथ्याशी एके काळी मोठं तळं होतं. त्या तळ्यावर जनावरं यायची, माणसं यायची, आणि त्यांनीच डोंगराच्या कातळावर माणसं, लांब शिंगांची गुरं, रानटी प्राणी कोरून ठेवले. नंतर तळं आटलं आणि मग चित्रांत उंट दिसायला लागतात. तळं गेलं, गुरं गेली, उंट आले, हे सगळं एकाच डोंगरावर वाचता येतं! मुलांना एक सांगून ठेवा, इथला कातळ उन्हापावसात वरून काळपट होतो, कोरलं की आतला फिका दगड दिसतो आणि मग तो फिका भागही हजारो वर्षांत हळूहळू पुन्हा काळवंडतो. म्हणजे जे चित्र जितकं गडद तितकं साधारणपणे जुनं. एकाच दगडावर गडद गाय आणि तिच्या अंगावर फिका उंट दिसला की मुलं स्वतःच ओळखतात आधी कोण आलं. सकाळी लवकर नाहीतर दुपारी उशिरा जा, ऊन तिरकं असेल तर रेषा उठून दिसतात, भर दुपारी अर्धं दिसतच नाही. जुब्बा आणि शुवैमिस मिळून २०१५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेत, जुब्बाला कुंपण आहे आणि आत पायवाट केलीय, खालची चित्रं आईंनाही बघता येतील.

मग तैमा. लोक तैमाला पेट्रोल भरतात आणि पुढे जातात, मला फार वाईट वाटतं. बाबिलोनचा राजा नबोनिडस, इ.स.पू. सहाव्या शतकातला, आपली राजधानी मुलाच्या ताब्यात देऊन दहाएक वर्षं या तैमाला येऊन राहिला होता. का आला यावर अभ्यासकांचा वाद चालूच आहे, पण पाणी नसतं तर एवढा मोठा राजा लवाजम्यासकट इथे राहिलाच नसता. ते पाणी आजही बघता येतं, बीर हद्दाज नावाची विहीर, तोंडच साधारण १८ मीटर रुंद. काठावर चहूबाजूंनी आपल्या मोटेसारखी लाकडी चाकं बसवलीत, त्यावरून दोर सोडून उंट पाणी ओढायचे, एका वेळी कितीतरी उंट, आणि पाणी पाटांनी खजुराच्या बागांत जायचं. आईंना खुर्ची टाकून तिथे बसवा, गुडघ्यांना त्रास नाही आणि बघण्यासारखं भरपूर.

तैमाहून अल उला. तिथे कमीत कमी तीन मुक्काम ठेवा. परतताना आल्या वाटेने न येता खैबरवरून हाइलला या, काळ्या लाव्ह्याचा प्रदेश लागतो, आणि लाल वाळूनंतर तो काळा दगड बघितला की वाळवंट म्हणजे फक्त वाळू ही समजूत मुलांच्या डोक्यातून कायमची जाते. खैबरच्या ओॲसिसभोवती चार हजार वर्षांपूर्वीची तटबंदी होती, १४ किमीपेक्षा लांब, तिचे अवशेष सापडलेत आणि तिथलंच अल नताह नावाचं कांस्ययुगातलं छोटं गाव २०२४ मध्ये अभ्यासकांनी जगापुढे आणलं. या लाव्ह्याच्या पठारांवर आणि आसपास मुस्ततील म्हणतात त्या दगडी आयताकृती रचना आहेत, सात हजार वर्षांच्या आसपासच्या, हजाराच्या वर मोजल्यात. जमिनीवरून त्या गुडघाभर उंचीच्या भिंतीच वाटतात, पूर्ण आकार सॅटेलाइट नकाशावर दिसतो, तो आधीच मुलांना घरी दाखवा.

नट_बोल्ट_जुबैल

वरचं सगळं मस्त. मी फक्त गाडीचं बोलतो कारण या रूटवर मी गाड्या ओढून काढल्यात.

टू-व्हील व्हॅन चालेल, एका अटीवर, डांबर सोडायचं नाही. भरलेला कॅम्पर तीन टनांच्या पुढे जातो, टायर बारीक, मागच्या चाकांवर सगळा भार, तो मऊ वाळूत दहा फूट गेला तरी एक्सलपर्यंत बसतो. बाकीचे लोक सांगतील टायरची हवा १५-१८ पीएसआयवर आणा म्हणून, ते एसयूव्हीसाठी आहे, एवढ्या वजनाच्या व्हॅनला त्याचा भरवसा धरू नका. पांढरट, सपाट, वरून कडक दिसणारी जमीन दिसली तर तिकडे अजिबात वळू नका, ती सबखा असते, वर मिठाची पापडी आणि खाली चिखल. गेल्या थंडीत एक फॅमिली फोटो काढायला म्हणून अशा जागी उतरली होती, संध्याकाळपर्यंत गाडी दरवाज्यापर्यंत खाली. आम्ही तीन गाड्यांनी मिळून ओढली.

भाड्याची गाडी घेताना टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते बघा, पहिले दोन म्हणजे आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे वर्ष. इथल्या उन्हात रबर झिजायच्या आधी सुकतं, नक्षी भरपूर असली तरी पाच वर्षांच्या वरचा टायर असेल तर बदलून मागा. स्टेपनीचाही आकडा बघा, लोक तोच बघत नाहीत. जॅकखाली टाकायला लाकडी फळी, कॉम्प्रेसर, फावडं, वाळूत चाकाखाली घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि बारा व्होल्टचा चांगला टॉर्च एवढं घ्या. टाकी अर्धी झाली की भरायची, पुढचा पंप किती दूर आहे याचा विचारच करायचा नाही. लायसन्स कुठलं लागतं आणि इन्शुरन्स डांबराबाहेर लागू आहे का हे भाड्याच्या करारात लिहून घ्या, तोंडी नको.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत म्हणून वेगळ्या सांगतो. सूर्य मावळला की गाडी बंद. हायवेवर उंट येतात, उंटाचे पाय उंच, धडक बसली की धड सरळ काचेवर येतं. आणि रात्री थंडी वाजते म्हणून बंद व्हॅनमध्ये गॅसची शेगडी लावून झोपायचं नाही, कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिसेंबरात ताबुक-अल उलाकडे रात्री पारा शून्याच्या जवळ जाऊ शकतो, त्यामुळे जाड रजया घ्या, आईंना गरम पाण्याची पिशवी द्या, आणि शंभर-दीडशे रियालचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळत असेल तर घेऊन व्हॅनमध्ये चिकटवून टाका.

ताबुकचा_शेजारी

उंटवाट यांचं पाण्याचं पटलं, पण खैबरपेक्षा ताबुककडे वळा असं मी म्हणेन आणि हे मी ताबुकला राहतो म्हणून नाही म्हणत. मोठ्याला हेग्राची थडगी कोरणारे नबातियन लोक बघायचे आहेत ना, मग अल बदच्या मगायर शुऐबला पण त्यांचीच थडगी आहेत, हेग्राएवढी भव्य नाहीत पण गर्दी फार कमी असते, निवांत बघता येतं. ताबुकला हिजाज रेल्वेचं जुनं स्टेशन नीट जपून ठेवलंय, दमास्कसहून मदिनेला जाणारी ही लाइन १९०८ मध्ये पूर्ण झाली आणि पहिल्या महायुद्धात तोडफोड झाली ती कायमचीच. वादी दिसाहमध्ये उभ्या कड्यांच्या मधून पाणी वाहतं आणि खजुराची झाडं आहेत, वाळवंटात हे बघितल्यावर माणूस गप्पच होतो. आत वाळू आणि पाणी दोन्ही आहे त्यामुळे व्हॅन तोंडाशी लावायची आणि लोकल लोकांचा पिकअप ठरवायचा, भाव आधी ठरवा.

उंटवाट

@ताबुकचा_शेजारी तुमचं म्हणणं चूक नाही, दिसाहबद्दल तर अजिबातच नाही. पण दहा दिवसांत रियाध ते ताबुक आणि परत म्हणजे आजी आणि तिसरीतली मुलगी रोज सहा-सात तास गाडीत बसणार. कॅम्परचं सुख गाडी उभी असताना असतं. ताबुक, हिस्माचं वाळवंट, दिसाह, अल बद ही स्वतंत्र ट्रिप आहे, त्यांनी ती पुढच्या थंडीत विमानाने ताबुकला उतरून करावी.

मुक्कामाचं विचारलं होतं ते राहिलं. थंडीत सौदी लोक स्वतःच कश्त्याला, म्हणजे वाळवंटात सहलीला, बाहेर पडतात, तंबू, गालिचा, चहा, कॉफी, सगळं कुटुंब, त्यामुळे मोकळ्या वाळवंटात रात्र काढणं इथे कुणाला विचित्र वाटत नाही. उलट खजूर आणि गहवा (अरबी कॉफी) घेऊन कुणी भेटायला येईल, नाही म्हणू नका, त्यांच्याकडे दोन घोट पिऊन कप हलवून परत दिला की पुरे असा अर्थ होतो. पण कुठेही म्हणजे कुठेही नाही. कुंपण घातलेली पुरातन जागा, शेतं, लष्करी भाग आणि राखीव अभयारण्य इथे थांबायचं नाही, अल उलाजवळ शरआन अभयारण्य आहे तिथे परवानगीशिवाय शिरायचं नाही. वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, पात्रात गाडी लावायची नाही, आकाश निरभ्र असलं तरी नाही, पाऊस पन्नास किमी लांब डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो. कोरड्या पात्रात बारीक गाळ आणि अडकलेला पाला दिसला तर समजायचं पाणी कुठपर्यंत आलं होतं. झाडं तोडणं आणि लोकल लाकूड जाळणं यावर कडक दंड आहे, शेकोटी हवी तर कोळसा आणि पायांवर उभी राहणारी लोखंडी शेगडी न्या. तुमच्यासारख्या कुटुंबाने एक रात्र मोकळ्या वाळवंटात आणि पुढची पंपाजवळ किंवा कॅम्पसाइटवर असं आलटून पालटून करावं, म्हणजे पाणी, टॉयलेट, आंघोळ सगळं मार्गी लागतं. हायवेवरच्या मोठ्या पंपांना मशिदीला लागून स्वच्छतागृहं असतात, रस्त्यात तोच आधार.

शिलालेख_वेडी

मला फक्त अल उलाबद्दल लिहायचंय, आणि मनापासून लिहायचंय कारण बरेच लोक हेग्राला जातात, एक फोटो काढतात आणि येतात.

दादा, हेग्रामध्ये स्वतःची गाडी नेता येत नाही. तिकीट ऑनलाइन आधी काढायचं, डिसेंबरात आठवडे आधी, आणि मग त्यांच्या बसने थांबे घेत फिरायचं. आईंना बस सोयीचीच पडेल, प्रत्येक थांब्यावर उतरायचं की नाही ते त्यांचं त्या ठरवतील. सोबत रावी असतात, म्हणजे तिथलेच तरुण मुलंमुली माहिती सांगतात, त्यांना प्रश्न विचारा, फार आनंदाने बोलतात. सौदीचं हे पहिलं जागतिक वारसास्थळ, २००८ मधलं. शंभराच्या वर मोठी थडगी, त्यातली ९४ नक्षीची.

कसर अल फरीद या थडग्यापाशी सगळे जण समोर उभे राहून फोटो काढतात. मुलांना जरा जवळ न्या आणि मान वर करून मग हळूहळू खाली बघायला सांगा. वरच्या पायऱ्या, खांब, सगळं गुळगुळीत, आणि खाली येता येता दगड खडबडीत होत जातो, छिन्नीचे तिरके घाव जसेच्या तसे. काम अर्धवट राहिलंय आणि त्यामुळेच कळतं की हे लोक वरून खाली कोरत यायचे. अपुऱ्या थडग्याने जे शिकवलं ते पुऱ्या झालेल्यांनी शिकवलं नसतं. आणि दरवाज्यांवरचे लेख रावींना वाचून दाखवायला सांगा. थडगं कुणाचं, कुठल्या राजाच्या कितव्या वर्षी केलं, आत कुणाला पुरायचं, आणि कुणी ते विकलं किंवा दुसऱ्याला पुरलं तर दुशरा देवाला आणि राजाला किती दंड भरायचा, सगळं रीतसर लिहिलेलं. काहींवर कोरणाऱ्या कारागिराचं नावही आहे. हिनात नावाच्या एका बाईने स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी बांधलेलं थडगं आहे, पहिल्या शतकातलं. तिथल्या अवशेषांवरून एका स्त्रीचा चेहरा २०२३ मध्ये घडवून दाखवला गेला. तुमच्या मुलीला हे नक्की सांगा, की दोन हजार वर्षांपूर्वी या वाळवंटात एका बाईच्या नावावर एवढी मोठी मालमत्ता होती.

उंटवाट यांच्या मुद्द्यात माझीही भर, हेग्रामध्ये १३० च्या आसपास जुन्या विहिरी सापडल्यात, खडकात खोल खणलेल्या. धूप आणि मसाल्याचे कारवां इथे थांबायचे ते त्यांच्या जिवावर.

आता हेग्रा सोडून. ददान बघा, नबातियनांच्या आधीचं लिह्यानी राज्य, लाल कड्यावर उंच कोरलेली सिंहांची थडगी, ती खालूनच बघायची असल्यामुळे आईंना काहीच त्रास नाही. आणि जबल इकमा, ही माझी सगळ्यात आवडती जागा. एक अरुंद घळ, दोन्ही बाजूंच्या भिंती लेखांनी भरलेल्या, तीनशेच्या आसपास. कुणी देवाला काय वाहिलं, कुणी पिकाचा वाटा दिला, कुणी यात्रेला आला. राजांच्या मोठमोठ्या गोष्टींपेक्षा साध्या माणसांची नावं जास्त. २०२३ मध्ये युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड रजिस्टरमध्ये गेलं ते. संध्याकाळची वेळ घ्या. जुन्या अल उला गावात तंतोरा नावाचं सूर्यघड्याळ आहे, त्याची सावली वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या सुरुवातीला, ठराविक दगडावर पडते आणि त्यावरून लोक पेरणीचा काळ ठरवायचे. तुम्ही डिसेंबरअखेरीला जाताय म्हणजे त्याच्या अगदी जवळपास. फक्त त्या सुमारास तिथे मोठा हिवाळी महोत्सव असतो, सगळं महाग होतं, कॅम्पसाइटचं बुकिंग आत्ताच बघा.

भटकी_आघाडी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरी बसून बोललो. जेद्दा, शुवैमिस आणि ताबुक खोडलं, मोठा जरा नाराज झाला पण ताबुक पुढच्या वर्षी नक्की असं कबूल केल्यावर त्यानेच नवा रूट लिहिला: रियाध, हाइल, जुब्बा, तैमा, अल उला, खैबर, हाइल, रियाध. आई तैमाच्या विहिरीबद्दल ऐकून खूष आहे, तिच्या माहेरी मोट होती. गाडीवाल्याला टायरचे आकडे विचारलेत, एक टायर सहा वर्षांचा निघाला, बदलून देतो म्हणालाय.

आता दोनच शंका. बायको आणि आईने कपड्यांचं काय करायचं, अबाया घालावाच लागतो का? आणि मोठ्याला शिलालेखांचे कागदावर ठसे घ्यायचेत, पेन्सिल घासून, तर ते चालेल का?

शिलालेख_वेडी

अबायाची सक्ती नाही, पर्यटकांवर तर २०१९ पासून नाहीच, पण सैल, पूर्ण बाह्यांचं, पायघोळ असं काही असलं की छोट्या गावांत मोकळं वाटतं, आणि उन्हात तसंही तेच सुखाचं. आईंना साडी नेसू द्या, काही अडचण नाही, फक्त बूट चांगले घाला. कुणा बायकांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत.

ठसे मात्र घेऊ नका. वाळूचा दगड फार मऊ असतो, बोट फिरवलं तरी कण सुटतात, आणि शंभर जणांनी कागद घासला तर रेघच राहणार नाही. हात लावायचा नाही, पाणी मारून अक्षर उठावदार करायचं नाही, खडूने रेघ ओढायची नाही, दगडाचा तुकडा खिशात टाकायचा नाही, पुरातन वस्तूंच्या बाबतीत इथले कायदे कडक आहेत. त्याला एक जाड वही आणि पेन्सिल द्या आणि लांबून बघून अक्षरं काढायला सांगा. जाण्याआधी ददानी लिपीची वर्णमाला छापून त्या वहीत चिकटवा, अठ्ठावीस अक्षरं आहेत, उजवीकडून डावीकडे वाचायची, आणि शब्दांच्या मध्ये बऱ्याचदा उभी रेघ असते त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते पोरांनाही कळतं. इकमाला सावकाश बसला तर एखादं नाव तो स्वतः वाचेल.

नट_बोल्ट_जुबैल

टायर बदलून दिल्यावर चारही टायरचे आणि स्टेपनीचे आकडे पुन्हा स्वतः बघा आणि फोटो काढून ठेवा. ॲम्ब्युलन्सचा नंबर ९९७, तो आईंच्या फोनमध्येही सेव्ह करून द्या. जुब्बा ते तैमा मध्ये नेटवर्क जातं, नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा.